खाडीपलीकडचं बारसं

नाही हो, आज नाही उडायचं ते. आणि तुम्ही सारखी ती काच पुसू नका पाद्रीबाबा, बाहीनं काच पुसून वारा थांबतो होय? बसा. हेलिकॉप्टर काय, ते बघा, जागेवरच आहे, वैमानिक आत जेवतोय — आणि वैमानिक डबा उघडून बसला की समजायचं, आजचा दिवस गेला. वेळापत्रक? आहे ना वेळापत्रक, भिंतीवर लावलंय, चांगल्या कागदावर छापलेलं, दक्षिणेत राजधानीत कुणीतरी गरम खोलीत बसून लिहितं की मंगळवारी सकाळी खाडीपलीकडे फेरी — लिहू दे बिचाऱ्याला, त्याचाही पोटाचा धंदा आहे. आम्ही ते दाढी करायला आरसा लावतात ना भिंतीवर, तसं लावलंय, बघायचं आणि आपलं काम करायचं. इथं एकच शब्द चालतो, इम्माका. तुमच्याकडेही म्हणतात की. येईल कदाचित, जाईल कदाचित. — कॉफी घ्या. काळीच आहे, दूध संपलं. दूध येईल जहाजानं, उन्हाळ्यात. हसताय काय, खरंच सांगते, जहाज वर्षातनं दोनदा येतं, त्यात दूध येतं, डिझेल येतं, गाद्या येतात, एकदा एक पियानो आला होता तुमच्या चर्चसाठी, तो उतरवताना पाण्यात पडला. नशीब. इथं कुणाला वाजवता येत होता?

पाविया निघालाय तिकडून, कुत्र्यांची गाडी घेऊन. तसा निरोप आहे सकाळचा. बर्फ धरून असेल तर येईल दुपारपर्यंत, तुम्हाला बसवेल आणि घेऊन जाईल पलीकडच्या वस्तीत. घाबरू नका, पाविया चांगला हाकतो. पण हे बूट घालून बसणार होतात गाडीवर? चामड्याचे, नाडीचे — लग्नाला आलात का कुणाच्या? खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत पाय तुमचे राहणार नाहीत. थांबा, त्या पेटीत आहेत जुने, सीलच्या कातड्याचे, आत गवत भरलेलं आहे, ते चढवा. अंगावर तो मेंढीच्या कातडीचा डगला घ्या. पायात काहीतरी जाड हवं पण — नाही, ती नका घेऊ. ती खुंटीवरची अस्वलाच्या कातड्याची विजार नका घेऊ. ती दुसऱ्याची आहे. येईल तो न्यायला. म्हणजे — हेलिकॉप्टरनं आणतील त्याला, तर इथंच उतरेल ना आधी, या दारातून येईल, ओला असेल, गारठलेला असेल, तर कोरडं काहीतरी हाताशी असावं. म्हणून घरून आणून ठेवलीय. तुम्हाला दुसरी देते मी, तिच्यात तुमच्यासारखे दोन मावतील, पण ऊब आहे.

त्या घरच्यांना ओळखते का म्हणता? पावियाच्या? अहो, ओळखते का काय — आविआक माझी मुलगी. पावियाची बायको. ज्या पोराला बाप्तिस्मा द्यायला तुम्ही एवढं विमानात डोलत, दोन ठिकाणी अडकत आलात ना, त्या पोराची मी आजी. नादुक. सांगितलं नाही तुम्हाला कुणी? नाही सांगायचे. मला टाळतात हल्ली सगळे, मी दुकानात गेले की फ्रीजमध्ये डोकं घालतात. — नाही. नाही बघितलं मी त्याला अजून. नोव्हेंबरात जन्मला, आता सूर्य परत डोंगरावर आला, हिवाळा गेला अख्खा. बर्फ मध्ये चांगला धरला होता, लोक रोज जात-येत होते, पाविया दोनदा दारात येऊन उभा राहिला — चला आई, गाडी रिकामीच आहे. मी म्हटलं, माझं इथलं काम कोण करेल, कॉफी कोण करेल, प्रवासी कोण बघेल. प्रवासी! हिवाळ्यात इथं कोण येतं, तुम्ही सोडून?

ते कसं आहे, तुम्ही दक्षिणेतले, तुमच्याकडे आता आवडेल ते नाव ठेवतात, मासिकातलं, टीव्हीवरचं. इथं तसं नाही. नाव मोकळं व्हावं लागतं. कुणी गेलं, की त्याचं नाव मोकळं होतं आणि पुढं जन्मलेल्या पोरात जाऊन बसतं, आणि मग ते पोर नुसतं पोर राहत नाही, तो माणूसच परत आला घरी. तुम्ही मान हलवताय — हलवा, तुमच्या पुस्तकात नसेल, पण तुमच्या आधीचे म्हातारे पाद्रीबाबा होते ना, त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, गुपचूप पाणी घालायचे डोक्यावर. माझ्या मावशीच्या नवऱ्याचं नाव शेजारच्या पोराला गेलं होतं. पाच वर्षांचं शेंबडं पोर, आणि मावशी त्याला अहोजाहो करायची. जेवायला आला की पहिला वाटा त्याचा. आणि तोही असा बेरकी, दारात येऊन म्हणायचा, काय केलंय आज? — हं. हसतो आपण, पण मावशी त्या पोरामुळं जगली. हे मला कळतं. मला कळत नाही असं नाही.

आणि नाव मिळेपर्यंत पोर रडतं. नाव मागतं ते. आविआकचा हा जन्मल्यापासून रडतोय. नर्सबाई म्हणते पोटात वारा धरतो, थेंब दिले, ते पाजून झाले. दूध ओकतो, झोपत नाही, वजन घटलंय म्हणे. त्याला नाव नाही, तर घरात त्याला 'तो' म्हणतात. तो उठला का, तो प्यायला का. आविआकला एकच नाव द्यायचंय, तिनं तुम्हाला कळवलंच असेल. कळवलं ना? इनुतेक. — इनुतेक माझा मुलगा. तिचा थोरला भाऊ. ती विजार त्याची.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेले आहात. जो माणूस आहे, त्याचं नाव कसं देता येईल? सापडला नाही म्हणजे गेला असं होतं का? मला भलेभले सांगून गेले, नादुक, दिवस किती झाले बघ. मी दिवस मोजत नाही. माझ्या वडिलांचा एक काका होता, तो बर्फाच्या तुकड्यावरून वाहून गेला होता, तुकडा सुटला आणि हा वर, कुत्र्यांसकट. गेला पलीकडं, समुद्राच्या पार. सगळ्यांनी रडून घेतलं. हिवाळा काढला त्यानं तिकडं, आधी सील खाल्ले, मग कुत्री खाल्ली, आणि समुद्र परत गोठला तेव्हा चालत आला. चालत! वस्तीत शिरतो तर त्याच्या नावाचं पोर रांगण्याएवढं झालेलं, आणि त्याची स्वतःची बायको त्या पोराला मांडीवर घेऊन अहोजाहो करतेय. हा दारात उभा. कुणी आत या म्हणेना. म्हणणार कसं, तो तर आत मांडीवर आहे, मग हा दारातला कोण? एका नावात दोघं नाही राहत. वर्षभर वेगळ्या तंबूत राहिला, त्याला कुणी नावानं हाक मारेना, पोरं लांबनं बघायची, आणि मग एक दिवस कयाक होडी पाण्यात घातली आणि गेला, तो गेलाच. मला वडिलांनी सांगितलंय हे, वडील खोटं बोलत नसत. — तर उद्या माझा इनुतेक या दारातून आला, आणि त्याचं नाव तुम्ही तिकडं वाटून टाकलेलं, तर मी त्याला काय म्हणून हाक मारू? सांगा ना. काय म्हणून आत घेऊ?

कसा गेला ते — सांगते. वेळ काय, वेळच वेळ आहे आपल्याला. आमच्याकडे बाळंतपण वस्तीत करत नाहीत आता. पोटुशी बाई महिनाभर आधी हेलिकॉप्टरनं इकडं, इथून विमानानं खाली मोठ्या दवाखान्यात, आणि तिथं वसतिगृहात एकटीनं भिंतीकडं बघत बसायचं, कळा येईपर्यंत. नियम आहे. चांगला नियम आहे, मी कशाला नावं ठेवू, माझ्या आईनं तंबूत दोन पोरं घालवली. पण नियमाला हेलिकॉप्टर लागतं ना. ते निघायचं आणि अर्ध्यातनं परत यायचं, धुकं म्हणून. मग त्याचा कसला तरी भाग मोडला, तो भाग दक्षिणेतनं येणार, आणि तो भाग आणणारं विमानच खाली धुक्यात अडकलेलं. मी इथंच होते, याच खिडकीशी, मला सगळं दिसत होतं. सूर्य हिवाळ्यापुरता जाऊन तीन आठवडे झालेले, दुपारी सुद्धा नुसती निळी सावली. आणि तिकडं आविआकच्या पोटात दुखायला लागलं, वेळेच्या आधीच. पाविया उत्तरेला वॉलरसच्या शिकारीवर, सगळी कुत्री घेऊन, त्याला निरोप कोण देणार. तिनं भावाला बोलावलं. दादा, मला घेऊन जा म्हणाली. आणि तो निघाला.

खाडी नुकतीच धरली होती हो. नवा बर्फ. गोड्या पाण्याचा बर्फ तडकतो, आवाज देतो, शिव्या घालतो तुम्हाला, तेवढं तरी करतो. खारा बर्फ नुसता वाकतो. पायाखाली गादीसारखा वाकतो आणि काही बोलत नाही. मी त्याला म्हटलं, किनाऱ्याकिनाऱ्यानं जा. लांबचा फेरा आहे, पण खाली दगड आहे. हो म्हणाला. तो नेहमी हो म्हणतो, लहानपणापासून, हो आई म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो. बहीण अडली होती, तो कशाला फेरा घेतोय. तेवढी लोखंडी कांब घेतलीय ना विचारलं, ठोकून बघायला, ती घेतली होती. गरम पाण्याची बाटली घेतली होती. आविआकला पांघरायला माझं कातडं घेऊन गेला, माझ्या अंथरुणातलं. मी दारात उभी राहून बघत होते, पण अंधारात काय दिसतंय, नुसता कुत्र्यांचा आवाज जात राहिला खाली बर्फावरून.

मग कुत्री आली. माणसाशिवाय, गाडीशिवाय. गाडीला जुंपलेली कुत्री येतात तेव्हा गाव डोक्यावर घेतात, माहीत आहे ना — नसेल तुम्हाला माहीत. ही आली ती आवाज न करता, आणि आपापल्या जागी जाऊन बसली, साखळ्यांपाशी, जशी रोज बांधतो तशी. सगळी नाही आली. म्होरक्या आला नाही. मी एकटीच होते घरी, मी बाहेर जाऊन त्यांचे पट्टे सोडले, दोऱ्या सोडल्या. दोऱ्या चावून तोडलेल्या. चावतात ती, भूक लागली की काहीही चावतात. मग पोलीस आला, त्यानं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, नादुक, ही कुठंतरी बांधलेली होती आणि चावून सुटलीत, म्हणजे तो कुठंतरी मुक्कामाला आहे, किनाऱ्याला. त्यानंच म्हटलं. मी नाही म्हटलं. मग किनाऱ्यावरच्या सगळ्या शिकारी झोपड्या बघितल्या लोकांनी. हेलिकॉप्टर दुरुस्त झालं, तेही फिरलं, दिवे लावून. आणि मग ते बसलं परत जागेवर, आणि वैमानिक माझ्याकडं न बघता आत गेला आणि जेवायला बसला.

पाविया नाही बसला. तो शिकारीवरनं आला तर घरात बाळ — वस्तीतल्या एका म्हातारीनं सोडवलं तिला, जगली दोघं, तशी सोपी सुटली म्हणे, उगाच घाबरली होती — आणि मेव्हणा बेपत्ता. तो तसाच निघाला. रोज जायचा. झोपडीन् झोपडी, घळ न् घळ, पुन्हा पुन्हा त्याच झोपड्या, म्हणायचा, आई, त्यानं कुत्री बांधली म्हणजे तो कुठंतरी टेकलाय, मी पोचायला हवं. इथनंच निघायचा बऱ्याचदा, मीच त्याच्या थर्मासात कॉफी भरायचे. शेवटी पायाची बोटं काळी पडली, डाव्या पायाची सगळी काढली. आला की बघाल, पाय कसा टाकतो ते. बायकोशी धड बोलत नाही, पोराला घेत नाही, म्हणतो मी शोधायला कमी पडलो. आणि ती म्हणते, दादा माझ्यामुळं गेला, तर मीच त्याला आणते परत, माझ्या पोटच्या पोरात आणते. — आणते! आधी बोलावून घेतलं भावाला कोवळ्या बर्फावरनं, आणि आता पाणी शिंपडून परत आणते! मी बोलले तिला हे. हो, फोनवर बोलले, असंच. तिच्या मागं पोर रडत होतं. मी तिला असं बोलायला नको होतं. ती माझीच आहे की, तिचाही भाऊ गेलाय — म्हणजे हरवलाय.

ते असू द्या. पाविया येईल इतक्यात, तुम्हाला बसायचं कसं ते सांगून ठेवते, मग घाई होते. गाडीवर आडवं बसायचं, पाय बाजूला, पण खाली सोडायचे नाहीत. कुत्र्यांचं भांडण लागलं तर मध्ये हात घालायचा नाही. लघवीला लागली तर आधी सांगायचं, तो उतारावर थांबवत नाही. आणि हे नीट ऐका. कुत्री पंख्यासारखी पसरून पळतात, प्रत्येकाची दोरी वेगळी, पण सगळ्या दोऱ्या येतात गाडीच्या तोंडाशी, एका फासात. बर्फ काळा दिसला आणि पाविया ओरडला, तर तुम्ही गाडीच्या मागं बर्फावर पडायचं, पालथं, हातपाय पसरून. उभं राहायचं नाही आणि त्याला मदतबिदत करायला जायचं नाही. त्याचं तो करेल. तो आधी फास सोडेल, म्हणजे कुत्री मोकळी झाली. नाहीतर गाडी बुडताना एकेकाला ओढत नेते खाली, दोरीनं. आणि फास गोठून धरला असेल तर सुरी. सगळ्या दोऱ्या एका मुठीत घ्यायच्या, फासाला लागून, आणि एकदाच — सर्र. मुठीत घेऊन कापलं, म्हणून तर टोकं सगळी एकसारखी येतात, एकही लांब नाही, एकही आखूड नाही, सगळ्यांना एकच तिरपा काप. आणि त्याचा तर उलटा तिरपा, डावरा आहे ना माझा, मीच शिकवलं त्याला सुरी धरायला, मांस कापताना पण असंच, एका झटक्यात — बघितल्याबरोबर ओळखलं मी, हातात घेतल्याबरोबर, हा इनुतेकचाच —

कॉफी गार झाली तुमची. ओतू का दुसरी?

काय? असं काय बघताय?

चावलेल्याच होत्या. म्हटलं ना मी चावलेल्या होत्या, पोलिसानं बघितल्यात, त्याला विचारा. त्याला दिसतं ना. त्याच्या बॅटरीत दिसलं ना त्याला, धागे सुटलेले, कुरतडल्यासारखे. — दगडावर घासल्या मी. पायरीच्या दगडावर. एकेक टोक, चावल्यासारखं दिसेपर्यंत. नायलॉन लवकर नाही सुटत, बोटं सोलली माझी. कुणी यायच्या आत करायचं होतं. का केलं, विचारू नका, मला विचार करून नाही करता आलं ते, मी टोकं बघितली आणि हात आपोआप दगडाकडं गेले. कापलेली दोरी म्हणजे काय ते इथल्या शेंबड्या पोराला कळतं. गाडी खाली गेली आणि हाकणारा गाडीपाशी होता. सुरी काढायला वेळ होता त्याला, म्हणजे उडी मारायलाही असेल, असं वाटेल तुम्हाला. नसतो. गाडी बुडायला लागली की एकच काहीतरी करता येतं. त्यानं कुत्री घरी पाठवली. घरी कळावं म्हणून. आमच्यात असंच कळवतात, दुसरं काय आहे तिथं मध्यावर, पाण्यात? आणि ती आली बिचारी, म्होरक्या गमावून आली, जागेवर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी त्यांच्याकडून तो निरोप घेतला आणि खरवडून टाकला.

पावियाची बोटं. हो, माहीत आहे मला. मी रोज बघत होते तो निघताना. एकही दिवस म्हणाले नाही त्याला, की थांब बाबा, झोपड्यांत नाही तो, मध्ये आहे, पाण्यात आहे. म्हणाले नाही, कारण कुणीतरी शोधत होतं तोवर तो शोधण्यासारखा होता. बस, एवढंच. दुसरं काही कारण नाही माझ्याकडं. तुम्ही काही बोलू नका. देवाबिवाचं तर मुळीच बोलू नका आत्ता. आणि पावियाला तुम्ही सांगायचं नाही, वाटेत दोघंच असाल, तो मोकळा माणूस आहे, बोलायला लागेल, तुमच्या तोंडून निघून जाईल. नाही सांगायचं. सांगायचं तर मी —

थांबा, फोन.

हं. बोल पाविया. कुठवर आलास? ... काय? मोठ्यानं बोल, वारा येतोय तुझ्याकडून. ... केव्हा उकललं? सगळं, तोंडापासून? ... मग कसा फिरलास तू? ... कुत्री? कुत्री बरी आहेत ना सगळी? आणि तू? पाय भिजला नाही ना? ... बरं. बरं झालं फिरलास. नाही, शहाणपण केलंस, त्यात वाईट काय वाटायचं. पाद्रीबाबा आहेत इथं, बसलेत माझ्यासमोर, माझे बूट घालून. त्यांना सांगते.

वाऱ्यानं खाडी फोडली, पाद्रीबाबा. मधोमध पाणी लागलंय, काळं, ही एवढी रुंद पट्टी, पाविया त्या पाण्याच्या काठापर्यंत आला आणि मागं फिरला. बरा पोचलाय घरी. तुमचं जाणं नाही होत आता. हेलिकॉप्टर तर बसलंच आहे, आणि उद्या वारा पडला तर तुमचं विमान आहे, त्यातनं परत जायचं तुम्हाला, खाली तुमची वाट बघणारे बसलेत. पुढच्या खेपेला या, उन्हाळ्यात, बोटी चालू झाल्या की. तोवर काही नाही. — हं. माझ्या मनासारखं झालं, नाही का? मी सकाळपासून हेच मागत होते मनात, तुम्ही ती काच पुसत होतात आणि मी म्हणत होते, वाऱ्या, पडू नको.

पाविया, आहेस ना? ठेवू नकोस. ते मागं काय वाजतंय? ... तो आहे? असा आवाज? हा बाळाचा आवाज आहे? ... केव्हापासून बसलाय घसा? ... आणि घेतो का काही? चमच्यानं तरी? ... बरं. तू एक कर, आविआककडं दे फोन. ... दे रे. भांडत नाही. दे तिला.

आविआक. मी आहे. ... नाही ग, रागावले नाही. रडू नकोस, तूही नको रडूस आता, मला त्याचं ऐकू दे. ... हं. ऐकतेय. ... नाही, आज नाही येत ते, खाडी उकललीय, पाविया सांगेल तुला. उन्हाळ्यापर्यंत कोण थांबतंय. पावियालाही जवळ बोलव, त्याला जाऊ देऊ नकोस कुठं, त्याच्याशी मला मागनं बोलायचंय, बरंच बोलायचंय. आधी फोन त्याच्या कानाला लाव. ... त्याच्या. बाळाच्या. ... लाव म्हणते ना.

पाद्रीबाबा, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. पाणी घालायला या उन्हाळ्यात, वहीत लिहा, तुमचं जे असेल ते सगळं करा, मी नाही म्हणणार नाही. पण हे आधी घरच्यांनी करायचं असतं, आणि तुमच्यासमोर मला नाही जमणार. जा ना. डगला घालून जा. आणि दार घट्ट ओढा, लागत नाही ते.

लावलास? ... बरं.

इनुतेक. आई बोलतेय.